'पोस्ट'चे ग्रॅहम घराणे : ८० वर्षांची मालकी आणि खरेदीखतात न मावणारा वारसा

१ जून १९३३. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील ई स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या पायऱ्यांवर लिलाव पुकारला जात होता. विक्रीस निघाले होते दिवाळखोरीत गेलेले एक दैनिक. त्याचे नाव 'वॉशिंग्टन पोस्ट'. हे पत्र रसातळाला नेणारे मालक नेड मॅक्लीन यांच्या दुरावलेल्या पत्नी एव्हलिन तेथे उपस्थित होत्या, आणि त्यांच्या अंगावर होता जगप्रसिद्ध 'होप' हिरा, मूळचा आपल्याकडील गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणीतला. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वतीनेही बोली लागली. अखेर ८ लाख २५ हजार डॉलरवर हातोडा पडला. बोली लावणारा होता एक वकील. त्याचा अशील कोण, हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही.

काही दिवसांनी नाव जाहीर झाले. ते होते यूजीन मेयर यांचे. वॉल स्ट्रीटवर अमाप पैसा कमावलेले आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुखपद नुकतेच सोडलेले हे गृहस्थ वृत्तपत्राच्या धंद्यात पूर्णपणे नवखे होते. १९२९ मध्ये याच पत्रासाठी त्यांनी ५० लाख डॉलर देऊ केले होते आणि ते नाकारण्यात आले होते. चार वर्षांनी तेच पत्र त्यांना त्या रकमेच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात मिळाले.

त्या लिलावापासून २०१३ मधील विक्रीपर्यंतची ८० वर्षे 'पोस्ट' एकाच घराण्याच्या हाती राहिले. मेयर, त्यांचे जावई फिलिप ग्रॅहम, कन्या कॅथरिन, नातू डोनाल्ड आणि पणती कॅथरिन वेमथ अशा पाच जणांनी हे पत्र चालविले. एका राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला, त्या प्रकरणाशी या घराण्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पण श्रीमंत घराण्याने वृत्तपत्र चालविणे म्हणजे नेमके काय, त्यात पैशाचे स्थान कोणते आणि मालकाच्या मनोधैर्याचे कोणते, हे समजून घ्यायचे असेल, तर या घराण्याच्या यशाइतकेच त्याच्या चुकांकडे आणि अखेरच्या निर्णयाकडेही पाहावे लागते.

तोटा सोसण्याची ऐपत

मेयर यांनी पत्र घेतले तेव्हा त्याचा खप ५० हजारांच्या आसपास होता आणि राजधानीतील दैनिकांच्या स्पर्धेत ते मागे पडलेले होते. पैसा ओतला की पत्र सुधारेल, ही त्यांची अपेक्षा लवकरच फोल ठरली. अनेक वर्षे ते आपल्या खासगी संपत्तीतून तोटा भरून काढत राहिले. मात्र या काळात त्यांनी एक गोष्ट केली, तिचे मोल पुढे कळून आले. १९३५ मध्ये त्यांनी आपल्या पत्राची सात तत्त्वे जाहीर केली. सत्याचा शक्य तितका शोध घेऊन ते सांगणे, हे त्यातील पहिले. वृत्तपत्राची बांधिलकी मालकाच्या खासगी हितसंबंधांशी नसून वाचकांशी व जनतेशी आहे, असेही एक. आणि सत्याच्या शोधात, लोकहितासाठी गरज पडल्यास, आपल्या सांपत्तिक लाभावर पाणी सोडण्यास वृत्तपत्राने तयार असले पाहिजे, असे आणखी एक.

गडगंज माणसाने त्यागाची भाषा करणे सोपे असते. मेयर यांच्या बाबतीत ती निव्वळ भाषा राहिली नाही, कारण तोटा त्यांच्याच खिशातून जात होता. तरीही या तत्त्वाची खरी कसोटी त्यांच्या हयातीत लागली नाही. पैसा गमावणे वेगळे आणि सरकारशी वैर पत्करून सारा व्यवसायच पणाला लावणे वेगळे. ती वेळ त्यांच्या कन्येवर यायची होती.

जावयाला ३५००, मुलीला १५००

१९४६ मध्ये मेयर जागतिक बँकेचे पहिले अध्यक्ष झाले आणि 'पोस्ट'ची सूत्रे त्यांनी ३१ वर्षांचे जावई फिलिप ग्रॅहम यांच्याकडे सोपविली. दोन वर्षांनी मताधिकार असलेले समभाग त्यांनी मुलीला व जावयाला दिले. पण फिलिप यांना ३५०० आणि कॅथरिन यांना १५००. कोणाही पुरुषावर बायकोच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये, हा त्यामागील विचार होता. सॅन फ्रान्सिस्कोतील दैनिकात बातमीदारी केलेल्या आणि 'पोस्ट'मध्ये वाचकांची पत्रे सांभाळलेल्या कॅथरिन यांनाही त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही, हे त्यांनीच पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले आहे.

फिलिप कमालीचे बुद्धिमान आणि धडाडीचे होते. १९५४ मध्ये त्यांनी 'टाइम्स-हेरल्ड' हे प्रतिस्पर्धी पत्र विकत घेतले. त्यामुळे सकाळच्या दैनिकांत 'पोस्ट'ला राजधानीत स्पर्धकच उरला नाही आणि त्याचे अर्थकारण एकदाचे मार्गी लागले. १९६१ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकही त्यांनी घेतले. पण सत्तेशी सलगी हा त्यांचा मोठा दोष होता. १९४९ मध्ये वॉशिंग्टनमधील एका सार्वजनिक जलतरण तलावावर वांशिक दंगल झाली. तेव्हा आपल्याच बातमीदाराने आणलेली माहिती त्यांनी सौम्य करून आतल्या पानात ढकलू दिली आणि ती पूर्ण न छापण्याच्या बदल्यात हे तलाव पुढील वर्षापासून सर्व वर्णांच्या नागरिकांना खुले करण्याचे आश्वासन अधिकाऱ्यांकडून मिळविले. हेतू उदात्त होता. पण वाचकाला सत्य सांगण्याऐवजी सत्याचा सौदा झाला होता. मेयर यांच्या पहिल्याच तत्त्वाला मेयर यांच्याच घरात मुरड पडली, ती अशी.

फिलिप यांना तीव्र मानसिक आजाराने ग्रासले होते. ३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांनी व्हर्जिनियातील शेतघरात आत्महत्या केली. ४६ वर्षांच्या कॅथरिन यांच्यापुढे दोन मार्ग होते : कंपनी विकून टाकणे किंवा स्वतः चालविणे. मुले मोठी होईपर्यंत ती सांभाळायची, असे ठरवून त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. संचालकांच्या बैठकीत त्या एकट्याच स्त्री असत आणि बोलण्यापूर्वी वाक्यांची मनात उजळणी करीत. १९६५ मध्ये त्यांनी बेन ब्रॅडली यांना संपादकीय विभागात आणले. या घराण्याच्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

१७ जूनची रात्र

जून १९७१ मध्ये दोन घटना एकमेकींवर येऊन आदळल्या. १३ जूनच्या रविवारी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने व्हिएतनाम युद्धाविषयीची अत्यंत गोपनीय सरकारी कागदपत्रे, म्हणजेच 'पेंटॅगॉन पेपर्स', प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १५ जून रोजी न्यायालयाने त्यावर तात्पुरती मनाई आणली. त्याच दिवशी, १५ जूनलाच, 'वॉशिंग्टन पोस्ट' कंपनीचे समभाग २६ डॉलर दराने प्रथमच खुल्या बाजारात विक्रीस आले.

१७ जून रोजी तीच कागदपत्रे 'पोस्ट'च्या हाती लागली. ब्रॅडली यांच्या घरी वार्ताहर कागदांचे गठ्ठे वाचत होते, तर बाजूच्या खोलीत वकील आणि संपादक हमरीतुमरीवर आले होते. वकिलांच्या शंका निराधार नव्हत्या. समभागविक्रीच्या करारात मोठे संकट ओढवल्यास व्यवहार रद्द करण्याची तरतूद होती. शिवाय कंपनीवर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला असता, तर तिच्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवानेच धोक्यात आले असते. त्या काळी कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार ही केंद्रे होती. आणि 'टाइम्स'विरुद्ध मनाई हुकूम असताना तीच सामग्री छापणे म्हणजे न्यायालयाची अवज्ञा ठरण्याची भीती होती.

त्या संध्याकाळी कॅथरिन यांच्या घरी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ चालू होता. दूरध्वनीवर एका बाजूने संपादक छापण्याचा आग्रह धरीत होते. दुसऱ्या बाजूने त्यांचे सर्वांत विश्वासू सल्लागार, कंपनीचे अध्यक्ष फ्रित्झ बीबी यांनी, आपण असतो तर छापले नसते, असे सौम्य शब्दांत सांगितले. कॅथरिन यांनी छापा असे सांगितले. १८ जूनच्या अंकात पहिला वृत्तांत आला. सरकारने 'पोस्ट'लाही न्यायालयात खेचले आणि ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दोन्ही वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

वर्षभरातच, १७ जून १९७२ रोजी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतील कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन या तरुण बातमीदारांनी त्या घरफोडीचे धागेदोरे थेट व्हाइट हाउसपर्यंत नेले. अनेक महिने इतर बहुतेक वृत्तपत्रे या विषयाकडे फारसे लक्ष देत नव्हती. या काळात कंपनीच्या फ्लोरिडातील दोन दूरचित्रवाणी केंद्रांच्या परवान्यांच्या नूतनीकरणास हरकती घेण्यात आल्या. हरकत घेणाऱ्यांत निक्सन यांच्या निकटवर्तीयांचा समावेश होता आणि कंपनीच्या समभागांची किंमत घसरली. परवान्यांच्या वेळी 'पोस्ट'ला जड जाईल, असे निक्सन सप्टेंबर १९७२ मध्येच आपल्या सहकाऱ्यांना म्हणाले होते, हे पुढे ध्वनिफितींतून उघड झाले. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. सांपत्तिक लाभावर पाणी सोडण्याचे १९३५ मधील तत्त्व येथे प्रत्यक्ष कसाला लागले होते.

'अ' समभाग, 'ब' समभाग

हे धैर्य एकट्या व्यक्तीचे होते, हे खरे. पण त्याला कायदेशीर तटबंदीही होती. ती समजून घेणे आवश्यक आहे. समभाग बाजारात आणताना कंपनीने त्यांचे दोन वर्ग पाडले. 'अ' वर्गाचे समभाग घराण्याकडेच राहिले आणि संचालक मंडळातील बहुमत निवडण्याचा अधिकार त्यांनाच होता. सामान्य गुंतवणूकदारांना मिळाले ते 'ब' वर्गाचे समभाग. त्यांना नफ्यात वाटा होता, पण ३० टक्केच संचालक निवडता येत. म्हणजे भांडवल लोकांचे आणि लगाम घराण्याच्या हाती. समभाग कोसळले म्हणून नाराज गुंतवणूकदार मालकाला हटवू शकत नव्हते.

१९७३ मध्ये घसरलेल्या किमतीत हे 'ब' समभाग मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्यांत वॉरन बफे होते. त्यांनी सुमारे १ कोटी ६ लाख डॉलर गुंतविले. प्रथम कॅथरिन यांना त्यांची धास्ती वाटली. पुढे तेच त्यांचे अर्थशास्त्राचे शिक्षक बनले आणि १९७४ मध्ये संचालक मंडळावर आले.

या तटबंदीची दुसरी बाजूही आहे. जो मालक बाजाराला उत्तरदायी नसतो, तो चुकला तर त्याला अडवणारेही कोणी नसते. १ ऑक्टोबर १९७५ रोजी छपाई कामगारांपैकी काहींनी यंत्रांची मोडतोड केली आणि संप सुरू झाला. व्यवस्थापनाने हेलिकॉप्टरने पाने बाहेरगावच्या छापखान्यांत पाठवून अंक काढले आणि अखेर संपकऱ्यांच्या जागी नवी माणसे घेतली. छापखान्यातील कामगार संघटना संपुष्टात आली. पत्रस्वातंत्र्याची नायिका म्हणून गौरविल्या गेलेल्या कॅथरिन कामगार चळवळीच्या लेखी मात्र खलनायिका ठरल्या. १९८१ मध्ये तर 'पोस्ट'च्या एका बातमीदार महिलेने आठ वर्षांच्या व्यसनाधीन मुलाची रंगविलेली कहाणी काल्पनिक निघाली आणि तिला मिळालेले पुलित्झर पारितोषिक परत करावे लागले. घराण्याचा नावलौकिक बातमीच्या पडताळणीची जागा घेऊ शकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पत्र जगविणारी शिकवणी

डोनाल्ड ग्रॅहम व्हिएतनाममध्ये सैनिक होते आणि परतल्यावर काही काळ वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर पोलीस शिपाई म्हणून गस्त घालत. शहर ओळखूनच त्यांनी १९७९ मध्ये प्रकाशकपद स्वीकारले. १९९३ मध्ये 'पोस्ट'चा दैनंदिन खप ८ लाख ३२ हजारांवर पोहोचला. तेच शिखर ठरले.

नंतर इंटरनेट आले. छोट्या जाहिरातींचे उत्पन्न आटले आणि खप घटत गेला. मार्च २०१३ पर्यंत तो पावणेपाच लाखांच्या आसपास आला होता. मधल्या काळात पत्राला आधार दिला तो १९८४ मध्ये विकत घेतलेल्या 'कॅप्लान' या परीक्षा-तयारीच्या शिकवणी संस्थेने. ती वाढून महाविद्यालये चालवू लागली आणि कंपनीच्या एकूण उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा तिचा झाला. परंतु या महाविद्यालयांचे उत्पन्न प्रामुख्याने सरकारी विद्यार्थी कर्जे व अनुदानांतून येत होते. २०१० मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या अशा संस्थांच्या प्रवेशपद्धतीवर सरकारी तपासणीत ताशेरे ओढले गेले. तपासलेल्या संस्थांत 'कॅप्लान'ही होती. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारे पत्र सरकारी कर्जावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर तगून होते, ही विसंगती टीकाकारांनी नेमकी दाखवून दिली.

१७ जुलै २००१ रोजी कॅथरिन यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राला १९९८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. २००८ मध्ये त्यांची नात कॅथरिन वेमथ प्रकाशक झाली. २०१० मध्ये 'न्यूजवीक' अवघ्या १ डॉलरला, देणी घेण्याच्या अटीवर, विकले गेले. आणि ५ ऑगस्ट २०१३ रोजी, 'ॲमेझॉन'चे संस्थापक जेफ बेझोस यांना 'पोस्ट' २५ कोटी डॉलरना विकत असल्याचे डोनाल्ड यांनी जाहीर केले. पत्र आपल्याकडे तग धरू शकेल, पण नुसते तग धरणे पुरेसे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. वृत्तपत्र विभागाचे उत्पन्न सलग सात वर्षे घटत होते आणि दरवर्षी काटछाट करण्यापलीकडे घराण्यापाशी उत्तर उरले नव्हते.

इतर घराण्यांचे काय झाले?

ग्रॅहम यांचा निर्णय अपवादात्मक नव्हता. केंटकीतील लुइव्हिलचे 'कुरियर-जर्नल' चालविणारे बिंगहॅम घराणे भावंडांच्या भांडणात विस्कटले. १९८६ मध्ये वडिलांनी पत्रेच 'गॅनेट' कंपनीला विकून टाकली. 'लॉस एंजलिस टाइम्स'चे चँडलर घराणे २००० मध्ये बाहेर पडले. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ची मालकी असलेल्या बँक्रॉफ्ट घराण्याने २००७ मध्ये रूपर्ट मरडॉक यांची सुमारे ५ अब्ज डॉलरची बोली स्वीकारली. बँक्रॉफ्ट यांच्याकडेही जादा मताधिकाराचे समभाग होते. म्हणजे तटबंदी शाबूत होती. ती आतून उघडली गेली. पिढ्या वाढतात तसे वारस वाढतात आणि ज्यांनी वृत्तपत्राच्या कचेरीत कधी पाऊल ठेवले नाही, त्यांच्या दृष्टीने समभाग म्हणजे केवळ लाभांश उरतो.

टिकले ते 'न्यूयॉर्क टाइम्स'चे ऑक्स-सल्झबर्गर घराणे. १८९६ मध्ये ॲडॉल्फ ऑक्स यांनी घेतलेले हे पत्र आजही कौटुंबिक न्यासाच्या नियंत्रणात आहे. २००९ मध्ये त्यांच्यावरही प्राण कंठाशी येण्याची वेळ आली. त्यांनी लाभांश बंद केला आणि मेक्सिकोचे धनाढ्य उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्याकडून भरमसाट व्याजाने कर्ज घेतले. रक्कम होती २५ कोटी डॉलर; नेमकी तेवढीच, जेवढ्यात चार वर्षांनी 'पोस्ट' विकले गेले. एका घराण्याने ती रक्कम उसनी घेतली आणि फेडली. दुसऱ्याने त्या रकमेस पत्र दिले. 'टाइम्स'ने पुढे डिजिटल वर्गणीदारांच्या बळावर उभारी घेतली. मात्र ग्रॅहम यांनी वाट पाहिली असती तर 'पोस्ट'चेही तसेच झाले असते, असे त्यावरून म्हणता येत नाही. 'पोस्ट' हे मूलतः एका शहराचे दैनिक होते, तर 'टाइम्स'चा वाचक देशभर पसरलेला होता.

विक्रीनंतर

पहिली काही वर्षे डोनाल्ड यांचा हिशेब बरोबर वाटत होता. बेझोस यांनी पैसा ओतला, संपादकीय कर्मचारी वाढविले, डिजिटल वर्गणीदार वाढले. पुढे चित्र पालटले. २०२३ मध्ये तोटा ७ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीस जेमतेम ११ दिवस उरले असताना, 'पोस्ट' कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नाही, असे जाहीर झाले. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा मजकूर तयार असताना मालकाने हा निर्णय घेतला होता. काही दिवसांतच अडीच लाखांवर वर्गणीदारांनी वर्गणी रद्द केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मतांची पाने यापुढे व्यक्तिस्वातंत्र्य व मुक्त बाजारपेठ यांच्या पुरस्कारासाठी असतील, असे बेझोस यांनी घोषित केले. त्या पानांच्या संपादकांनी पद सोडले. फेब्रुवारी २०२६ मध्ये सुमारे एकतृतीयांश कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले.

बेझोस यांची संपत्ती मेयर यांच्या कल्पनेपलीकडची आहे. तोटा सोसण्याची ऐपत हाच निकष असता, तर 'पोस्ट' आज सर्वांत सुरक्षित असायला हवे होते. पण बेझोस यांचे इतर उद्योग सरकारी कंत्राटांवर आणि सरकारच्या मर्जीवर बऱ्याच अंशी अवलंबून आहेत. पाठिंब्याच्या निर्णयाचा त्याच्याशी संबंध नाही, असे त्यांनी लिहिले आहे. वाचकांच्या मनातील शंका मात्र त्याने फिटली नाही. कॅथरिन यांच्यापुढेही दूरचित्रवाणी परवान्यांच्या रूपाने हाच पेच होता. फरक एवढाच की, त्यांचा निर्णय काय झाला, हे वाचकांना दुसऱ्या दिवशीच्या अंकात दिसले.

ग्रॅहम घराणे आजही संपन्न आहे. 'ग्रॅहम होल्डिंग्ज' या नव्या नावाने त्यांची कंपनी शिक्षण, दूरचित्रवाणी केंद्रे, आरोग्यसेवा, मोटारविक्री अशा व्यवसायांत आहे, आणि डोनाल्ड यांनी कागदपत्रांविना अमेरिकेत वाढलेल्या स्थलांतरित युवकांसाठी शिष्यवृत्ती उपक्रम उभारण्यात पुढाकार घेतला आहे. २०१३ च्या व्यवहारात नाव, छापखाना, वर्गणीदारांची यादी हे सारे हस्तांतरित झाले. १७ जून १९७१ च्या रात्री दूरध्वनीवर जे घडले, ते मात्र कोणत्याही खरेदीखतात लिहून देता येण्यासारखे नव्हते. ते प्रत्येक नव्या मालकाला स्वतःच्या खर्चाने, पुन्हा पहिल्यापासून कमवावे लागते.